नाईट शिफ्ट, स्टँडिंग ऑर्डर आणि जस्टिस सुजाता मनोहर

जानेवारी आला की आमच्या कंपनीत दोन गोष्टी ठरलेल्या, एक संक्रांतीचं हळदीकुंकू आणि दुसरी म्हणजे कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या इंटर्नल कमिटीचा वार्षिक रिपोर्ट. मी हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीत एचआरला आहे आणि त्या कमिटीवरही आहे, त्यामुळे दोन्हीकडे धावपळ माझीच. रिपोर्टच्या आगेमागे एक ट्रेनिंग होतं, बाहेरून कुणीतरी येतं, पीपीटी लावतं, तिसऱ्या स्लाईडवर 'विशाखा गाईडलाईन्स १९९७' असं येतं आणि दहा सेकंदात पुढची स्लाईड. त्या गाईडलाईन्स कुणी दिल्या, कशावरून दिल्या, बेंचवर कोण बसलं होतं, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत पण नाही, सगळ्यांचं लक्ष समोशाच्या प्लेटकडे.

तर ह्या गाईडलाईन्स म्हणजे त्या छळाविरुद्ध सुप्रीम कोर्टानं दिलेले नियम, आणि आज ते देणाऱ्या बेंचवरच्या एका बाईबद्दल, आणि कामगार कायद्यात बाईला जागा कशी मिळत गेली त्याबद्दल लिहायचंय. सुजाता मनोहर. नागपूरचा माणूस मनोहर आडनाव आणि वकिली असं एकत्र ऐकलं की लगेच विचारतो, आपल्या इकडचे का? तर ह्या मुंबईच्या. जन्म १९३४ चा, वडील कांतीलाल देसाई, जे पुढे गुजरात हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. एल्फिन्स्टन कॉलेज, मग ऑक्सफर्डला लेडी मार्गारेट हॉल, मग लिंकन्स इनमधून बॅरिस्टर. म्हणजे गरिबीतून वर आल्या, कंदिलाखाली अभ्यास केला वगैरे स्टोरी इथे नाहीये आणि असायलाच पाहिजे असंही काही नाही. घरात कायदा होता, पैसा होता, इंग्रजी होतं. पण एवढं सगळं असूनही पुढची तारीख बघा. १९५८ ला मुंबई हायकोर्टात ओरिजिनल साईडला प्रॅक्टिस सुरू केली, म्हणजे जिथे मोठ्या व्यापारी केसेस चालतात तिथे, आणि १९७८ ला त्या मुंबई हायकोर्टाच्या जज झाल्या. पहिल्या महिला जज. मुंबई हायकोर्ट सुरू झालं १८६२ ला. करा वजाबाकी, ११६ वर्षं! तिकडे केरळात अ‍ॅना चंडी १९५९ लाच हायकोर्टावर बसल्या होत्या, आणि आपण महाराष्ट्र म्हणजे पुरोगामी म्हणून कॉलर टाईट करत फिरतो.

आपल्या नागपूरचं हायकोर्ट १९३६ चं, सिव्हिल लाईन्समधली ती देखणी दगडी बिल्डिंग १९४० ला उघडली, आणि १९६० पासून तिथे मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ आहे. म्हणजे मुंबईला बाई जज आली ती कागदोपत्री आपल्याच हायकोर्टात आली असं म्हणायला हरकत नाही.

पुढे जानेवारी १९९४ मध्ये त्या मुंबई हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या, इथेही पहिल्याच. पण तीन-चार महिन्यांतच केरळला बदली, तिथेही मुख्य न्यायमूर्ती, तिथेही पहिल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये थेट सुप्रीम कोर्ट. सुप्रीम कोर्टात त्यांच्या आधी एकच बाई होऊन गेली होती, फातिमा बीवी, त्या १९८९ ला आल्या आणि १९९२ ला रिटायर झाल्या. मग मनोहर १९९४ ते १९९९. त्यांच्यानंतर रूमा पाल आल्या त्या २००० ला. म्हणजे मनोहर तिथे होत्या ती सगळी वर्षं अख्ख्या सुप्रीम कोर्टात बाई म्हणून त्या एकट्याच. हे मला ट्रेनिंगमध्ये कधीच कुणी सांगितलं नाही, आणि विशाखाचं सगळं प्रकरण समजायला मला तर हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

आता कुणी म्हणेल की ह्यात लेबर लॉ कुठे आला, मनोहर काही इंडस्ट्रियल कोर्टातून वर आलेल्या नाहीत. बरोबर आहे. पण त्यासाठी आधी हे बघावं लागतं की तोपर्यंत कामगार कायद्यात बाई कशी होती. फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ चं कलम ६६, आम्हा एचआरवाल्यांना हे पाठ असतं, बाईला कामावर ठेवायचं ते सकाळी ६ ते संध्याकाळी ७. सरकारला वेळ थोडी इकडेतिकडे करता यायची पण रात्री १० ते पहाटे ५ बिलकुल नाही. माईन्स अ‍ॅक्ट १९५२, कलम ४६, जमिनीखालच्या खाणीत बाईला काम नाही. आता नागपूर म्हणजे डब्ल्यूसीएल ह्या कोळसा कंपनीचं हेडक्वार्टर, मँगनीजवाल्या मॉईलचं पण हेडक्वार्टर, कोळसा आणि मँगनीज आपल्या बाजूलाच, म्हणजे मायनिंगची डिग्री घेतलेल्या इथल्या पोरीला घराजवळची खाण आहे पण खाली उतरायची परवानगी नाही, अशी गंमत २०१९ पर्यंत चालली. तेव्हाही जी सूट मिळाली ती टेक्निकल, सुपरवायझरी आणि मॅनेजमेंटच्या पोस्टलाच.

ह्या कायद्यांमागे वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही. गिरण्यांमध्ये बायका-पोरांकडून चौदा-चौदा तास काम करून घ्यायचे, त्यावरचा तो उपाय होता आणि तेव्हा गरजेचा होता. पण त्याचं लॉजिक बघा ना, कामाची जागा वाईट आहे, रात्र वाईट आहे, मग बाईला घरी पाठवा. जागा नीट करा असं कायदा मालकाला म्हणत नव्हता. आमच्याकडे संध्याकाळी पावणेसातला पॅकिंग लाईनवर जी घाई व्हायची ती मी डोळ्यांनी बघितली आहे, सुपरवायझर घड्याळाकडे बघत ओरडतोय, बाया हेअरनेट काढत गेटकडे पळताहेत, रजिस्टरवर आऊटची वेळ ६:५५ च्या आत पडली पाहिजे कारण इन्स्पेक्टर तेच बघणार, आणि मग त्याच बाया हिंगणा टी पॉईंटला ऑटोची वाट बघत साडेसातपर्यंत अंधारात उभ्या. गेटच्या आत रात्र होऊ द्यायची नाही, गेटबाहेर झाली तर तुमचं तुम्ही बघा. शिवाय नाईट शिफ्टचा अलाउन्स मिळणार फक्त पुरुषांना. मद्रास हायकोर्टानं २००० मध्ये रात्रपाळीचं हे कलम ६६ घटनेच्या विरुद्ध आहे म्हणून उडवलं, आणि महाराष्ट्रानं २०१५ मध्ये कायदा बदलून गाडी, सुरक्षा वगैरे अटी घालून बायकांना रात्रपाळीची परवानगी दिली.

आता विशाखाकडे येऊ. राजस्थानात जयपूरजवळ भटेरी नावाचं गाव, तिथल्या भंवरीदेवी. राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात त्या 'साथिन' म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या होत्या, मानधनावर. बालविवाह थांबवणं हा त्यांच्या कामाचाच भाग. १९९२ मध्ये गावातल्या एका वजनदार घरात जेमतेम वर्षाच्या आतल्या पोरीचं लग्न लावत होते ते थांबवायचा प्रयत्न त्यांनी केला आणि त्याचा सूड म्हणून २२ सप्टेंबर १९९२ ला त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. नवऱ्यासमोर. १९९५ ला खालच्या कोर्टानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं, आणि त्यावरचं अपील वर्षानुवर्षं लटकत राहिलं. हे लिहिताना आजही हात थांबतो माझा. ज्या बाईच्या नावावर देशभरातल्या ऑफिसांत कमिट्या बसल्या, तिच्या स्वतःच्या केसमध्ये हे असं.

पण विशाखाची याचिका वेगळी होती. विशाखा आणि इतर महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या त्या फक्त आरोपींना शिक्षा द्या म्हणून नाही, त्यांचा मुद्दा होता की ही बाई कामावर होती. तिच्यावर हे झालं ते तिनं आपलं काम केलं म्हणून. मग जिथे काम करायचं तिथे बाईला सुरक्षित ठेवायची जबाबदारी कुणाची? मला वाटतं हा सरळसरळ लेबर लॉचा प्रश्न आहे, तो तेव्हा कुठल्या लेबर कोर्टात विचारता येत नव्हता एवढंच.

निकाल आला १३ ऑगस्ट १९९७ ला. बेंच तिघांचं, सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, सुजाता मनोहर आणि बी. एन. किरपाल. इथे एक सांगते, महिला दिनाला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतात ना की मनोहर मॅडमनी विशाखा निकाल लिहिला, ते तसं नाहीये, निकाल सरन्यायाधीश वर्मांनी लिहिलेला आहे, मनोहर बेंचवर होत्या आणि तो निकाल तिघांचाही आहे. खोटं क्रेडिट द्यायची गरज नाही, त्यांच्याकडे स्वतःचं पुरेसं आहे. पण मघाशी म्हटलं ते लक्षात घ्या, कोर्टात एकच बाई जज आणि ती ह्या केसवर. आता बंद दाराआड तिघं काय बोलले ते कुणी सांगणार नाही, पण आमच्या कमिटीच्या खोलीत मी इतकं तरी बघितलंय की टेबलाच्या त्या बाजूला एक जरी बाई बसली असेल तर काही प्रश्न विचारलेच जात नाहीत. "मग तू तेव्हाच का नाही बोललीस" हा त्यातला पहिला.

त्या निकालात डेअरिंग काय होती ते सांगते. ह्या विषयावर देशात कायदाच नव्हता. संसदेनं केलेला नव्हता. कोर्टानं घटनेचं १४, १५, १९ आणि २१ ही कलमं घेतली, भारतानं १९९३ मध्ये मान्य केलेला सीडॉ, म्हणजे बायकांशी होणारा भेदभाव संपवायचा आंतरराष्ट्रीय करार घेतला, आणि म्हटलं की जोपर्यंत संसद कायदा करत नाही तोपर्यंत आम्ही देतो ह्याच गाईडलाईन्स कायदा समजायच्या. लैंगिक छळ म्हणजे काय ह्याची यादी केली, अंगाला हात लावणं, लैंगिक मागणी करणं, तसले शेरे मारणं, अश्लील चित्रं दाखवणं, आणि अशा स्वरूपाचं दुसरं कुठलंही नको असलेलं वागणं, मग ते बोलून असो की नुसतं हावभावानं. 'नको असलेलं' हे माप त्या बाईच्या हातात दिलं, साहेबाच्या "मी तर मजाक केला" ला तिथे जागा ठेवली नाही. कमिटी नेमायची, तिची अध्यक्ष बाईच, निम्म्याहून कमी बायका चालणार नाहीत, आणि बाहेरच्या संस्थेचा एक माणूस, म्हणजे वरून साहेबाचा फोन आला तरी एकजण तरी असा की ज्याचा पगार त्या साहेबाच्या हातात नाही.

आणि त्यातच एक ओळ आहे जी ट्रेनिंगवाले हमखास गाळतात पण माझ्यासारखीला तीच सगळ्यात भारी वाटते. खाजगी मालकांनी ही बंदी १९४६ च्या स्टँडिंग ऑर्डर्स अ‍ॅक्टखालच्या स्टँडिंग ऑर्डरमध्ये घालावी, अशी. ज्यांनी कारखान्यात काम केलंय त्यांना कळेल ह्याचा अर्थ. स्टँडिंग ऑर्डर म्हणजे फ्लोअरवरची गीता. त्यात मिसकंडक्टची यादी असते, चोरी, मारामारी, दारू पिऊन येणं, झोपणं. त्या यादीत एखादी गोष्ट आली की मग शोकॉज, चार्जशीट, डोमेस्टिक म्हणजे कंपनीतलीच इन्क्वायरी, सस्पेन्शन, डिसमिसल ही अख्खी गाडी रुळावर येते. यादीत नसेल तर मॅनेजर म्हणतो "जाने दो ना मॅडम, समज देऊन टाकतो". पूर्वी कामगारानं बॉबिन चोरली तर नोकरी जायची आणि शेजारच्या मशीनवरच्या बाईचा हात धरला तर समज मिळायची. त्या एका ओळीनं हात धरणं हे चोरीच्या रांगेत आणून बसवलं.

लगेच १९९९ ला त्याचा इफेक्ट पण दिसला. दिल्लीच्या अपॅरल एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलमधल्या एका अधिकाऱ्याला नोकरीवरून काढलं होतं, हायकोर्टानं त्याला परत घ्यायला सांगितलं कारण काय तर त्यानं फक्त प्रयत्न केला, प्रत्यक्ष स्पर्श झाल्याचं दिसत नाही. सुप्रीम कोर्टानं ते उलटवलं, विशाखाचा आधार घेतला आणि काढलं ते बरोबर म्हटलं. ह्या बेंचवर मनोहर नव्हत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या रिटायर झाल्या, नंतर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगावर होत्या.

मग काय, गाईडलाईन्स आल्या म्हणून सगळं सुतासारखं सरळ झालं का? कसलं काय. वर्षानुवर्षं कमिट्या कागदावरच. पुण्याच्या मेधा कोतवाल लेले सुप्रीम कोर्टात गेल्या, अंमलबजावणी होत नाही म्हणून, त्या केसमधून कमिटीचा रिपोर्ट हाच शिस्तभंगाच्या कारवाईत चौकशी अहवाल धरायचा हे पक्कं झालं, म्हणजे बाईला तीच कहाणी परत दुसऱ्या इन्क्वायरी ऑफिसरपुढे सांगायला लावायची नाही. आणि संसदेला कायदा करायला २०१३ उजाडलं, सोळा वर्षं. तरी २०२३ मध्ये गोव्याच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाला पुन्हा म्हणावंच लागलं की कमिट्या नेमल्यात की नाही ते आधी तपासा.

आता एक नागपूरची गोष्ट, जी मला ह्या सगळ्याच्या आधी यायला हवी होती असं वाटतं, पण कुठल्याच पीपीटीत ती नसते. २० जुलै १९४२. नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, बाबासाहेब स्वतः बोलले, हजारो बाया आल्या होत्या. त्यात जे ठराव झाले त्यात बहुपत्नीत्व, शिक्षण वगैरे तर आहेच, पण एक ठराव गिरण्या, बिडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत काम करणाऱ्या बायकांचा आहे. वर्षाला २१ दिवस किरकोळ रजा, महिनाभर हक्काची रजा, इजा झाली तर भरपाई, वीस वर्षं नोकरी झाली की महिना निदान १५ रुपये पेन्शन. आणि ह्याच्याच जोडीला आणखी एक मागणी, गिरण्यांमध्ये बायकांवर देखरेखीला बाई सुपरवायझर नेमा.

थांबा जरा इथे. एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती, मॉडेल मिल होती, बिडीवाल्या बाया तर भंडारा-गोंदियापासून कामठीपर्यंत. त्या बायांना कुणी सीडॉ सांगितला नव्हता, ऑक्सफर्ड तर सोडाच, बहुतेकींना सही येत नसेल. पण मजुरी आणि रजेच्या बरोबरीनं त्या मागताहेत की आमच्या डोक्यावर बाई द्या. का मागत असतील? मुकादमाच्या हाताखाली काम केलेल्या कुठल्याही बाईला हा प्रश्न विचारून बघा, ती तुमच्याकडे बघून हसेल. विशाखानं कमिटीची अध्यक्ष बाईच पाहिजे म्हटलं ते ५५ वर्षांनी. म्हणून मला ही गोष्ट दिल्लीतून खाली आली असं सांगितलेलं पटत नाही, मागणी फ्लोअरवरची होती, ती ऐकू यायला कोर्टाला वेळ लागला, आणि मला राहून राहून वाटतं की बेंचवर बाई बसायला जी ११६ वर्षं लागली त्याचा आणि ह्याचा काहीतरी संबंध असणार.

आज एम्प्रेसच्या जागेवर मॉल आहे, आमच्या कंपनीतल्या पोरी सुट्टीच्या दिवशी तिथे सिनेमाला जातात.

२०१३ च्या त्या कायद्यात खोट पण आहेच, ती झाकायला मी काही सरकारी वकील नाही. तीन महिन्यांत तक्रार करा म्हणतात, फार तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात, पण कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरीला कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायच्या आधी तोंड उघडता येत नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही का? खोट्या तक्रारीचं कलम टाकून ठेवलंय, आणि ट्रेनिंगमध्ये पुरुष मंडळींचे सगळे प्रश्न त्याच कलमावर. आमच्याकडे आलेल्या तक्रारींबद्दल मी काही लिहू शकत नाही, गोपनीयतेचं कलम आहे आणि असायलाच पाहिजे. पण एवढं सांगते, तक्रार टाईप केलेल्या कागदावर क्वचितच येते. ओव्हरटाईमच्या स्लिपच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, बॉलपेननं, बारीक अक्षरात, आणि शेवटी 'आपली विश्वासू' लिहून सही करायची का नाही ह्या विचारात खोडलेलं असतं.

माझी मावशी काटोलकडे अंगणवाडी सेविका आहे. दर डिसेंबरला हिवाळी अधिवेशन लागलं की त्यांचा मोर्चा येतो, पोलिस मॉरिस कॉलेज टी पॉईंटला अडवतात, मग ती तिथून मला फोन करते आणि मी डबा घेऊन जाते. मागण्या त्याच, मानधन नको वेतन द्या, ग्रॅच्युइटी द्या. ग्रॅच्युइटीचं तर सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्येच म्हटलंय की अंगणवाडी सेविकांना लागू आहे, पण कोर्टानं म्हणणं वेगळं आणि हातात पडणं वेगळं. मागच्या खेपेला तिला मी भंवरीदेवीची गोष्ट सांगत होते, त्या पण मानधनावरच होत्या म्हणून, तर मावशी भाकरी खाता खाता म्हणाली, "काऊन वं, तुमच्या कंपनीत कमिटी हाये, आमची कमिटी कुठी हाये? आमाले तर सरकार कर्मचारीच म्हनत नाही."

मी म्हटलं, २०१३ च्या लैंगिक छळाच्या कायद्यात म्हणतं. त्यात कर्मचारी म्हणजे कायम, टेम्पररी, रोजंदारी, कॉन्ट्रॅक्टवाली, मोबदला घेणारी नाहीतर न घेणारी, अगदी स्वयंसेवक म्हणून काम करणारी पण. तुमच्या खात्याची कमिटी असायला पाहिजे, आणि जिथे दहापेक्षा कमी लोक आहेत म्हणून कमिटीच नाही तिथल्या बाईनं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं, घरकाम करणाऱ्या बायांनी पण तिथेच.

"कोनतं कलम?"

"दोन एफ."

"व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून धाड बरं, मराठीत. आमच्या सुपरवायझरले पाठवतो, ग्रुपवर पन टाकतो."